अक्काचा चोरखिसा

"हा खिसा कुठं गेला?"

गौराक्का लकड्यांनी ब्लाऊज उलटा केला आणि माझ्या टेबलावर आपटला. खडूची डबी खाली गेली. पिकोला साडी घेऊन आलेल्या दोघी दारातच थबकल्या.

"कसला खिसा, अक्का?"

"डाव्या अंगाला आतनं खिसा हुता. मापाच्या ब्लाऊजला हाय, तुझ्याला न्हाई."

"अहो, तो खिसा नव्हे! बाबूरावांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं. अस्तरावर अस्तर लागलं होतं, डबल. मी ते काढून नीट करून दिलं. बघा तरी घालून, फिटिंग कसं बसतंय."

"तुला नीट करायला कुणी सांगितलं हुतं? जसं हाय तसं शिव. तोंड काखंकडनं, चार बोटं. कळलं?"

कळलं, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? विट्याच्या पेठेत अक्काच्या तोंडाला लागायची छाती कुणाची नव्हती. भुसारीचं दुकान नवऱ्यामागं एकटीनं चालवायची. तांदळात खडा निघाला तर व्यापाऱ्याला गल्लीतून ओरडून परत बोलवायची. बाबूराव शिंपी आमच्या आधीचे टेलर. त्यांचे डोळे गेले आणि त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडं आली, तशी अक्काही आली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. दारावर नवीन पाटी, 'वैजयंता लेडीज टेलर', आणि डोक्यात हवा. माझ्या हातची शिवण उसवली तर टेप चावून खाईन, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. आमच्या धंद्यात निम्म्या बायका अंगाला टेप लावू देत नाहीत, जुना ब्लाऊज मापाला टाकून जातात. त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण अक्काला मी दोन-तीनदा म्हटलं, "एकदा अंगावरून माप घेऊ द्या की, बघा कसा शिवते." तर म्हणाली, "टेप लांब धर. माप कापडाला असतंय, मला न्हाई."

मग मी माझ्या अकलेनं ताडलं. आतला खिसा, तोही असा आडबाजूचा, म्हणजे काय असणार? पैसे! दुकानावरचा गल्ला अक्का अंगावर घेऊन फिरते. एकदा मापाच्या ब्लाऊजच्या खिशात राळ्याचे, त्या बारीक पिवळ्या धान्याचे, दोन दाणे सापडले. तेव्हा तर मला खात्रीच पटली. भुसारीच्या दुकानातल्या नोटांबरोबर राळं येणारच की.

आणि मी गप्प बसणारी बाई नव्हे. "अक्काचा चोरखिसा" हे नाव मीच पाडलं. पिकोवालीला सांगितलं, तिनं तिच्या नणंदेला सांगितलं, आणि महिन्याभरात पेठेत कुणी उधारीला नाही म्हटलं की लोक म्हणायला लागले, "जा, अक्काच्या चोरखिशात हात घाल." मी खदाखदा हसायची.

अशी पाच वर्षं गेली. दर सणाला अक्काचा ब्लाऊज यायचा आणि मी मुकाट्यानं डाव्या बाजूला चार बोटांचा खिसा शिवून द्यायची.

पाचव्या वर्षी माझी ईश्वरी चौदा महिन्यांची होती. अंगावर पीत होती. एक दिवस आंघोळ करताना उजव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. सुपारीएवढं. मी आत्यांना दाखवलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"दुधाची गाठ हाय," आत्या म्हणाल्या. "शेक दे. वरनं कंगवा फिरव. चार दिवसांत जाईल."

चार दिवसांचे दोन महिने झाले. शेक दिला, कंगवा फिरवला, कोबीची पानं बांधली. दिवसाला पाच-सहा बायकांच्या छातीचं माप घेणारी मी, स्वतःच्या अंगावर नीट हात ठेवून बघायला मला दोन महिने लागले. सुपारीचा लिंबू झाला तेव्हा दिगंबर, माझा नवरा, यंत्रमागावरची पाळी सोडून मला मिरजेला घेऊन गेला.

सुई घातली, तपासायला पाठवलं, आठ दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आडपडदा नव्हता. "कॅन्सर आहे. उजव्या बाजूचा स्तन पूर्ण काढावा लागेल. पुढच्या गुरुवारी या. त्याआधी बाळाला अंगावरून तोडा, कारण पुढची औषधं कडक असतात. वेळेत केलंत तर उठून उभ्या राहाल. आणखी महिने घालवलेत तर मी काही सांगू शकत नाही."

"नको," मी म्हटलं.

"नको म्हणजे?"

"काढायचं नाही."

बाहेर बाकड्यावर एक वयस्कर सिस्टर माझ्याशेजारी येऊन बसल्या. कागदावर काहीतरी काढून दाखवत होत्या. "हे बघा ताई, नंतर ब्लाऊजला आतून असा कप्पा लावून घ्यायचा, त्यात पॅड बसतं. वरून कळतसुद्धा नाही. एखादा चांगला टेलर गाठा."

"मीच टेलर आहे," मी म्हटलं, कागद न बघता पर्समध्ये कोंबला आणि उठले.

आता खरं सांगते. मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. चौदा महिन्यांचं लेकरू मांडीवर असताना कुणाला वाटणार नाही? पण त्याच्या वर एक दुसरंच भूत बसलं होतं. माझ्या मापाच्या वहीत पहिला रकाना छातीचा. सगळा धंदा तिथून सुरू होतो. मी कुठल्या तोंडानं बायकांना म्हणू, हात वर करा? आणि त्या बायका मला बघायला येतील, केळी आणतील, आणि जिना उतरताना एकमेकींना म्हणतील, 'बिचारी!' मला आयुष्यात कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. ते ऐकण्यापेक्षा गेलेलं बरं, इतकी मी मूर्ख होते.

खानापूरकडं कुणीतरी झाडपाल्याची पुडी देतो असं आत्यांच्या बहिणीनं सांगितलं होतं, एक आणूनही दिली होती. मी जाहीर केलं, पुडी घेणार, मिरजेला जाणार नाही.

दिगंबर कमी बोलणारा माणूस. "वैजू, गुरुवारी जाऊ," एवढंच तो चार दिवस म्हणत राहिला.

"तुम्ही जावा. तुमचं काढायला काही असलं तर काढून घ्या."

तो उठून बाहेर गेला. असलं बोलायला नको होतं, पण त्या दिवसांत माझ्या जिभेला हाड नव्हतं. ईश्वरीलाही मी तोडलं नव्हतं. हट्टानं डाव्या बाजूला पाजत होते.

मंगळवारी दुपारी राहिलेली कामं उरकायला बसले. सगळ्यात वर अक्काचा ब्लाऊज होता. रविवारी तिच्या मुलाचा, शिवलिंगचा साखरपुडा होता. मोरपंखी रंगाचं कापड. बाह्या लागल्या, गळा झाला, आणि डाव्या बाजूच्या खिशाला हात घातला. चार बोटं, तोंड काखेकडून. पाच वर्षांत कधी डोकं लावलं नव्हतं, त्या दिवशी का कोण जाणे, सुई टेकवली आणि वाटलं, नोटा ठेवायच्या तर तोंड काखेकडं कशाला? घाईत बाईचा हात जाणार कसा तिथं?

आणि मग कानात सिस्टरांचा आवाज आला. ब्लाऊजला आतून कप्पा.

मी पर्स उपडी केली. कागद उलगडला. पेन्सिलीनं काढलेला ब्लाऊज, उलटा. त्यात खिसा. तोंड काखेकडून. खाली लिहिलेलं, 'पॅड सरकत नाही'. मी तो कागद मोरपंखी अस्तरावर ठेवला. हुबेहूब माझ्याच हातचं काम.

माझा पाय पायडलवर तसाच राहिला. राळ्याचे ते दोन दाणे आठवले. टेप लांब धर, म्हणालेली आठवली. आणि पिकोवालीबरोबर मी हसलेले आठवले. लाज वाटली हो, इतकी लाज मला लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.

ब्लाऊज हातात घेतला आणि निघाले. पायात चप्पल नाही, गळ्यात टेप तशीच. आत्या मागून ओरडल्या, "अगं, कुठं?" मी पेठ ओलांडून अक्काच्या दुकानात.

अक्का तराजूत हरभराडाळ तोलत होती. "झाला व्हय?"

"अक्का," मी म्हटलं, "खिशात पैसे नसतात ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या अनवाणी पायांकडं. पुढं उभ्या असलेल्या माणसाच्या हातात डाळीची पिशवी दिली, "जावा आता, साखर उद्या न्या," म्हणाली आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाच..." मी ब्लाऊज तिच्यापुढं धरला. "मिरजेला काढायचं म्हणतायत. उजवीकडचं. परवा."

अक्का तांदळाच्या पोत्यावर बसली. "आणि तू काय म्हणालीस?"

"नको म्हटलं."

"का?"

"अर्धी बाई होऊन जगायचं म्हणजे..." बोलून गेले आणि कुणापुढं बोलतेय ते ध्यानात आलं. जीभ चावली.

"बोल की, थांबलीस का? अर्धी बाई." अक्का उठून उभी राहिली. "बघ माझ्याकडं. बावीस वर्षं झाली. मालक गेल्यावर गाडीवरची पोती मी मोजून उतरून घेतली, व्यापाऱ्याशी भांडले, पोरगं शिकवलं. त्या कोपऱ्यावर हमाल बसलाय, त्याला जाऊन विचार, अक्का अर्धी हाय का दीड हाय!"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाला बोलू? बाबू शिंप्याला ठाऊक हुतं. तो मुका माणूस. तुझ्या तोंडाला शिवणच न्हाई."

"मी... तो चोरखिसा मीच म्हटलेलं, अक्का. नाव मीच पाडलंय."

"ठाऊक हाय."

"ठाऊक आहे?"

"सगळं विटं म्हणतंय, मला कसं ठाऊक नसंल? पयल्यांदा वाटलं, येऊन तुझं मशीन रस्त्यावर टाकावं." अक्का तोंडाला पदर लावून हसली. "मग म्हटलं, असू दे. बरंच केलंस. खिशात पैसा हाय म्हणून लोक खिशाकडं बघायला लागले. खिशामागं काय न्हाई, ते बघायचं कुणाला सुचलं न्हाई."

मी पोत्यावर डोकं टेकून रडले. अक्कानं पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, तिचा स्वभावच नव्हे तो. तिनं तराजू आवरून ठेवला आणि म्हणाली, "झालं रडून? काढ टेप."

"काय?"

"टेप काढ गळ्यातली. पाच वर्षं मागं लागलीस, माप घेऊ द्या, माप घेऊ द्या. घे."

तिनं भिंतीकडं तोंड केलं, हुक काढले, खिशातली कापडी पुरचुंडी काढून पोत्यावर ठेवली आणि माझ्याकडं वळून दोन्ही हात वर केले.

डावी बाजू सपाट होती. मधूनच एक आडवी रेघ थेट काखेपर्यंत गेलेली. मी टेलर आहे, माझी नजर आधी शिवणीवर जाते. जाड दोऱ्याची, जुन्या पद्धतीची शिवण. जरा वाकडी. पण बावीस वर्षांत कुठं एक टाका उसवलेला नव्हता. मी टेप लावली. कातडीसारखी कातडी होती, ऊन ऊन. आत काळीज उडत होतं, बोटांना लागत होतं.

"किती?"

"चौतीस."

"आणि मापाच्या ब्लाऊजवर?"

"छत्तीस."

"म्हंजे दोन इंच राळं!" अक्का म्हणाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं.

"राळंच का, अक्का?"

"मोहरी आधी घातली हुती, ती उन्हाळ्यात उबते. राळं थंड. वजन पण बरोबर येतं. दर श्रावणात बदलायचं."

"वजन कसं केलंत? उजवीकडचं तराजूत कसं घातलंत?"

"गप, चावट! चाळीस वर्षं तराजू धरलाय ह्या हातानं. अंदाज हाय मला."

हुक लावत ती माझ्यासमोर आली. "पोरगी अजून अंगावर पितीया?"

"हो."

"आजच तोड."

"रडेल हो ती."

"रडू दे की. तू समोर असताना रडू दे, तू नसताना रडण्यापरास. माझा शिवलिंग तीन वर्षांचा हुता तवा. त्याला आज जाऊन विचार, आईला थानं किती हुती. त्याला ठाऊक न्हाई. सकाळी कान धरून उठवायला आई हुती, तेवढं त्याला पक्कं ठाऊक हाय."

मी टेप गुंडाळून परत गळ्यात टाकली.

"आणि एक," अक्का शटरला हात लावत म्हणाली. "मी हाय तवर तोंड शिवून ठेव. मला कुणाची कीव नको. मी गेल्यावर सांग, ज्या बाईला उपयोग हाय तिला सांग."

घरी आले आणि आत्यांना म्हटलं, "कोरफड आणा." आत्यांनी माझ्याकडं बघितलं, परड्यात गेल्या आणि पान कापून आणलं. ईश्वरीनं तोंड लावलं, कडू लागलं तसं माझ्या गालावर एक चापट मारली आणि जे भोकाड पसरलं, ते दोन दिवस. मीही रडले. दिगंबरनं तिला खांद्यावर घेऊन गल्लीत फेऱ्या मारल्या. पुडी चुलीत गेली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. रविवारी साखरपुडा उरकून अक्का एसटीनं मिरजेला आली, अंगात तोच मोरपंखी ब्लाऊज. पिशवीतून एक पुरचुंडी काढून माझ्या उशाशी ठेवली. "जखम भरल्याबिगर वापरू नको. डॉक्टरला विचारून घे." आणि बसायला सांगेपर्यंत निघून गेली.

माझा कात्रीचा हात उजवा. तो खांद्यावर जाईना. हळूहळू भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला सांगितलं होतं. मी रोज जिथं बोट पोचेल तिथं खडूची खूण करायची. पहिल्या दिवशीची खूण खिडकीच्या कट्ट्याला होती. आषाढात ती देवाच्या फळीवर पोचली आणि त्या दिवशी मी कात्री धरली. पुढं कडक औषधं झाली, केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला. सगळं झालं. बायका केळी घेऊन आल्याच. पण 'बिचारी' म्हणायला एकीचं तोंड उघडलं, की मी विचारायची, "पुढचा गळा किती खोल ठेवू?" मग बोलणं गळ्यावर जायचं.

याला वीस वर्षं झाली. माझं मी काही झाकून ठेवलं नाही, मला ते जमणारही नाही. आता कराड, सांगली, कुठून कुठून बायका खिशाचा ब्लाऊज शिवायला माझ्याकडं येतात. कुणी ऑपरेशनच्या आधी नको म्हणून अडून बसलेली असली, की मी दार लावते, तिच्या हातात टेप देते आणि हात वर करते. पण अक्काचं नाव? नाही. पेठेला तोंडाळ म्हणून ठाऊक असलेल्या बाईनं वीस वर्षं तोंडावर शिवण ठेवली, आणि ती उसवली नाही.

गेल्या वर्षी श्रावणात अक्का गेली. पंचाहत्तर वर्षांची होऊन, दुकानात गादीवर बसल्या बसल्या. महिन्याभरानं तिची सून अनुराधा, शिवलिंगची बायको, एक बोचकं घेऊन माझ्याकडं आली. ईश्वरी शेजारच्या मशीनवर बसली होती. आता तीही शिवते, माझ्यापेक्षा बारीक.

"वैजूताई, आत्यांच्या ट्रंकेत हे सव्वीस ब्लाऊज निघाले," अनुराधा म्हणाली. "गोरगरिबांना द्यायचे, तर खिसे तेवढे काढून द्याल का? यांनी सगळे खिसे झटकून बघितले. लोक इतकी वर्षं चोरखिसा चोरखिसा म्हणत होते, एक रुपया निघाला नाही. नुसतं राळं. आत्या त्यात ठेवायच्या तरी काय?"

सगळ्यात वर मोरपंखी ब्लाऊज होता, विटलेला. मी त्याच्या खिशात बोटं घातली. दोन दाणे लागले.

मग मी माझ्या ब्लाऊजच्या उजव्या खिशातली पुरचुंडी काढली आणि त्या दाण्यांशेजारी टेबलावर ठेवली.

"हे बघ," मी म्हटलं. "हेही तुमच्याच दुकानातलं आहे."

अनुराधाला माझं सगळं ठाऊक होतं. तिनं पुरचुंडीकडं बघितलं, मग ब्लाऊजच्या डाव्या बाजूकडं. एक एक करत तिनं सगळे सव्वीस उलटे केले. सगळीकडं डावी बाजू, चार बोटं, तोंड काखेकडून. ईश्वरीचं मशीन थांबलं.

"आत्या?" अनुराधा म्हणाली. "कधीपासून?"

"शिवलिंगदादा तीन वर्षांचे होते तेव्हापासून."

ती स्टुलावर बसली. बराच वेळ तो मोरपंखी ब्लाऊज मांडीवर घेऊन हात फिरवत राहिली. मग डोळे पुसले, फोन काढला आणि नवऱ्याला लावला.

"अहो, शटर ओढा आणि वैजूताईंकडं या," ती म्हणाली. "आत्यांच्या खिशातलं सापडलं."